टोकावरचा कोन

सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होते. आठवीला कन्नड माध्यमात गेले, तिथं वर्तुळाचं वृत्त झालं आणि जीवेची ज्या. वृत्त म्हटलं की मला वर्तमानपत्रच आठवे. दहावीच्या सहामाहीत गणितात शंभरात बावीस मार्क पडले. अप्पा कोर्टात कारकून होते, निकाल ऐकायची त्यांना सवय होती. ओरडले नाहीत. "पुढं आर्ट्सला घालू," एवढंच म्हणाले. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. गणित मला आवडत नव्हतं असं नाही. ते मला स्वस्थ बसू देत नसे.

केलगेरीला आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. आईनं मला त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. अक्कांकडे एक फळी होती. तिच्यावर वर्तुळ आखून चोवीस खिळे सारख्या अंतरावर ठोकलेले, आणि एक मधोमध. दोन खिळ्यांना त्यांनी लाल दोरा बांधला. "ही तुझी जीवा," म्हणाल्या. मग त्याच दोन खिळ्यांतून एक रबरबँड घेऊन तो समोरच्या मोठ्या कंसावरच्या एका खिळ्यापर्यंत ताणला. "मोज."

पंचेचाळीस अंश.

शेजारच्या खिळ्यावर सरकवला. पंचेचाळीस. त्याच्या पुढं, पंचेचाळीस. मधल्या खिळ्याला लावला तेव्हा नव्वद, बरोबर दुप्पट. पुस्तकातली ओळ मी दहादा पाठ केली होती, पण ती खरीच तशी आहे हे त्या दिवशी कळलं. मी रबरबँड सरकवत राहिले. जीवेचं टोक ओलांडून तो छोट्या कंसावर गेला आणि कोन एकदम एकशे पस्तीस झाला.

"अक्का, आणि टोकावरच? या खिळ्यावरच असला तर?"

"तिथं कोनच नाही. दोन बिंदू एक झाले की कोन कशाचा?"

"मग पंचेचाळीसचा एकशे पस्तीस होतो कुठं?"

"परीक्षेत नाही येत ते," अक्का म्हणाल्या आणि वही मिटली.

पुढचे दोन दिवस मी घरात कुणाला सुख लागू दिलं नाही. ताटावर बोटानं वर्तुळं काढायची, मध्येच उठायची. आई म्हणाली, "मुंग्या लागल्यात का तुला?" जो कोन पूर्ण वाटभर बदलत नाही, तो एका खिळ्यात उडी कसा मारतो? आणि कोन नाहीच, हे उत्तर मला फसवल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कोर्टाला निघायच्या तयारीत होते. दारात अक्का उभ्या, काखेत ती फळी. अक्का कुणाच्या घरी जात नसत. अप्पांचा चेहरा उतरला.

"काय केलं हिनं?"

"काही नाही. मला हिच्याशीच बोलायचंय," अक्का म्हणाल्या आणि सरळ आत येऊन जमिनीवर बसल्या. "काल भाजीला गेले आणि रिकाम्या पिशवीनं परत आले. तीस वर्षं शिकवलं मी. हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, नोडु, बघ."

त्यांनी रबरबँड काढून टाकला. टोकाच्या खिळ्याला एक स्टीलची पट्टी टेकवली, दुसऱ्या टोकाच्या खिळ्याला पांढरा दोरा बांधला. "अप्पा, हा दोरा जरा ताणून धरा." अप्पा शर्टाची बटणं अर्धवट सोडून खाली बसले. मी दोरा आणि पट्टी जिथं मिळतात तो बिंदू एकेक खिळा टोकाकडे आणत गेले. पट्टी हळूहळू कलत होती. शेवटी बिंदू टोकापाशी पोचला तेव्हा पट्टी वर्तुळाला छेदत नव्हती, नुसती बाहेरून टेकून होती.

"स्पर्शिका!" मी ओरडले.

"मोज, मोज आधी."

अप्पांनीच कोनमापक लावला. चष्मा वर ढकलून म्हणाले, "पंचेचाळीसच की हो."

मग मी बिंदू पलीकडच्या खिळ्यावर नेला. पट्टीचा बिंदूच्या पुढचा जो भाग आता वर्तुळाबाहेर गेला होता, त्याचा दोऱ्याशी कोन अजूनही पंचेचाळीसच होता. उडी कोनानं मारली नव्हती. आम्हीच पट्टीच्या दुसऱ्या बाजूचा कोन मोजत होतो, म्हणून एकशे पस्तीस येत होते. आणि दोन्ही मिळून एकशे ऐंशी का भरतात, तेही समोर पडलं होतं. अक्का पदरानं चष्मा पुसत होत्या, बराच वेळ. अप्पांची बस गेली.

"परीक्षेत मात्र पुस्तकातलीच सिद्धता लिही," जाताना अक्कांनी बजावलं. मी तसंच लिहिलं, आणि पेपरभर काहीतरी लपवल्यासारखं वाटत राहिलं.

दहावीच्या निकालात गणितात अडुसष्ट मार्क पडले. अप्पांनी पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, फॉर्म माझ्यासमोर ठेवला, शाखेची जागा कोरी सोडून, आणि पेन माझ्याच हातात दिलं. त्या संध्याकाळी मार्कांचा कागद घेऊन मी अक्कांकडे गेले. त्यांनी तो पाहिला, घडी घालून परत दिला.

"समाधान झालं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग दारात काय उभी राहिलीस? आत ये."