आधी काय दळलंत?

कर्जतच्या भिसेगावातल्या आमच्या गिरणीत एका एकादशीच्या आदल्या दिवशी गव्हाच्या पाठोपाठ उपवासाची भाजणी दळली गेली. ती मी दळली होती, बापूंनी नाही. एवढं साधं वाक्य उच्चारायला मला अर्धं आयुष्य लागलं. बापू, म्हणजे माझे वडील, जाऊन आता दीड महिना होईल. सकाळी धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी खोपोलीत कारखान्याच्या गेटवर होतो. "दादा, बापू झोपेतच…" त्याच्या मागे गिरणीचा आवाज येत नव्हता, त्यावरूनच मी ओळखलं.

खालापूरकडच्या एका खेड्यातून बापू तरुणपणी कर्जतला आले, दुसऱ्याच्या गिरणीत राबले आणि मग स्वतःची गिरणी घातली. पुढे गिरणी, मागे घर. भुवया कायम पांढऱ्या. आई म्हणायची, "तुमचा बाप म्हातारा कधी झाला ते मला कळलंच नाय, पहिल्यापासनं तसाच दिसतोय!" गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज सदा टिपेला. त्यांनी कुजबुज केली की ती पार कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जायची. वीज गेली की रस्त्यावर येऊन खोपोलीच्या वीजघराच्या दिशेने हात करायचे, "तिकडं बनते, आनि आमच्याकडनंच जाते!" दळण कसं पडतंय ते बघायला पीठ अंगठा आणि बोटात चोळायचे, आणि ही सवय गिरणीपुरती राहिली नाही. माझ्या लग्नातल्या सुटाचं कापड त्यांनी तसंच चोळून पाहिलं. नातीचा गाल पहिल्यांदा हातात धरला तोही तसाच, आणि दवाखानाभर ऐकू जाईल असं म्हणाले, "लई बारीक हाय!" आम्हा दोघा भावांची शिक्षणं, घरावरचा स्लॅब, आईची दुखणी, सगळं त्या एका पट्ट्यावर फिरत राहिलं. थकलो, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. एकादशीआधी मात्र नियम ठरलेला. जातं साफ करायचं, आधी उपवासाचं दळायचं, मग गहू.

त्या दिवशी ते खालापूरला गेले होते, माझ्यासाठीच. समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंनी एक स्थळ सुचवलं होतं, त्या घरी बोलणी करायला. या बाई म्हणजे माझ्या चौथीच्या शिक्षिका. आळीत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. जाताना बापू गिरणी माझ्यावर सोपवून गेले. बाईंचा भाजणीचा डबा आधीच येऊन पडला होता. पण दारात गव्हाचं गिऱ्हाईक घाई करू लागलं आणि मी त्याचं आधी दळून दिलं. मग जातं न झाडताच डबा ओतला. मन सगळं खालापुरात होतं.

दुसऱ्या दिवशी बाई खुशीत थालीपीठ घेऊन आल्या. "बापू, खाऊन बघा. एरवी तव्यावर तुकडे होतात, आज कसं सुरेख थापलं गेलं!" बापूंनी घास घेतला. मग बाईंच्या डब्यातलं पीठ मागवून चिमटीत चोळलं. माझ्याकडे एकदा बघितलं. गव्हाने धरून ठेवलेलं थालीपीठ होतं ते. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण बापूंनी हात जोडले. "बाई, उपास मोडला तुमचा. माज्या हातनं गहू मिसळला…" त्यांच्या मते हे हळू आवाजात होतं. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. मी पोत्याआड उभा होतो. बाई गेल्यावर म्हणालो, "बापू, मी सांगतो त्यांना." त्यांनी मला दटावलं, "गप ऱ्हा. गिरनी माजी, म्हंजे चूक माजी. तुजं लगीन ठरतंय त्यांच्याच शब्दावर."

आणि मी गप्प राहिलो. लग्न ठरलं, झालं, छान चाललंय. बाई मात्र तो सगळा चातुर्मास रिक्षाने स्टेशनपलीकडच्या गिरणीत जात होत्या. बापू दारातून ओरडायचे, "बाई, रिक्षावाला उपास करतो का बगा जरा!" शेवटी हसू आवरेना म्हणून त्या परत आल्या, पण डबा देण्याआधी दर वेळी विचारायच्या, "बापू, आधी काय दळलंत?" बापूंचं उत्तर ठरलेलं, "काय नाय बाई, निसती हवा!" आळीला ती गंमत वाटायची. मला प्रत्येक वेळी खाली बघावंसं वाटायचं.

आता गिरणी भाऊ चालवतो. परवा एकादशीआधी बाई काठी टेकत आल्या, डबा ठेवला आणि काही न विचारता बाकावर बसल्या. त्यांनी विचारायचं सोडलं ते बापू जायच्या थोडं आधीच, एका रविवारी. बापूंना तोवर अगदीच कमी ऐकू येत होतं. गिरणी बंद होती, ते दारात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी बसून म्हणालो, "बापू, त्या भाजणीबद्दल मला माफ करा."

"भाजी? कसली भाजी?"

"भाजणी!"

"मोट्यानं बोल रं, बायकोला घाबरल्यागत काय बोलतोस!"

मग मी पोटातून ओरडलो, "भाजणीत गहू मी मिसळला होता! मी! तुमच्यावर ढकलून गप्प बसलो! चुकलं माझं!" पलीकडच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या गॅलरीत बाई उभ्या होत्या. बापूंनी माझी बाही चिमटीत धरली, जरा चोळली. "इतकी वर्सं दळत बसलास व्हय रं? सोड आता."

तेवढ्यात बाई वरून म्हणाल्या, "अहो बापू, म्हणजे मी तुम्हाला उगाचच विचारत राहिले?" बापूंना फक्त त्यांचे ओठ हललेले दिसले. त्यांनी सवयीने हात जोडले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असे गरजले, "काय नाय बाई, निसती हवा!"

बाई गज धरून हसत सुटल्या. मी रस्ता ओलांडला, जिना चढलो आणि त्यांच्या पाया पडलो. "बाई, चुकलं माझं. बापूंचं नाही."