व्यंकटीच्या जीपची तिसरी घंटा

व्यंकटीची जीप आधी ऐकू यायची आणि मग बऱ्याच वेळाने दिसायची. नाटकातल्या राजाचं असंच असतं. आधी चोपदार ओरडतो, मग महाराज मिशी सांभाळत येतात. इथे चोपदार म्हणजे जीपचा फुटका सायलेन्सर, आणि महाराज म्हणजे निलंग्याकडचा पन्नाशीचा व्यंकटी, अंगात खाकी शर्ट आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. स्वतःच्याच गाडीचा आवाज ज्याला सोसत नाही, असा लातूर जिल्ह्यातला तो एकटाच मालक असावा.

जीप त्याने एकोणनव्वद साली नांदेडच्या सरकारी लिलावात घेतली. कुठल्याशा खात्याने तिला 'निरुपयोगी' ठरवलं होतं. खात्यातल्या माणसांची अशी तपासणी झाली नव्हती, म्हणून ती अजून कामावर होती. नांदेडहून घरी येताना लोह्याच्या अलीकडे सायलेन्सरने पहिला खोकला काढला, आणि अहमदपूर येईपर्यंत तो जुनाट दमा झाला. व्यंकटी म्हणाला, "चालतंय. म्हातारी माणसं बी खोकतेत. घराबाहेर काढतो का आपण?"

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती बुडवून माणसं झोपली आणि पहाटे जमीन उठली. उजाडल्यावर डांबरी रस्त्यावर बघ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या गाड्यांची अशी रांग लागली की मदतीच्या गाडीला वाट मिळेना. भूकंप नीट दिसावा म्हणून काहींनी दुर्बिणीही आणल्या होत्या म्हणे. व्यंकटीने जीप सरळ शेतात घातली. खडकउमरीच्या ओढ्यात एका दगडाने सायलेन्सर मुळापासून उपटून काढला. तो उचलायला थांबण्याची ती वेळ नव्हती. जीप तशीच उघड्या गळ्याने डरकाळत गावात शिरली. गाव म्हणजे दगडमातीचा ढीग होता. त्या ढिगाखाली कोंडाबाई होती. तिच्या हाताशी एक पितळी ताट सापडलं होतं. वर कुणीतरी आलंय हे तिला जीपच्या आवाजावरून कळलं, आणि तिने ताट वाजवायला सुरुवात केली. आवाजाला आवाजाने उत्तर दिलं. दुपारी तिला जिवंत काढली. तिचा नवरा आणि थोरला मुलगा मात्र सापडले ते उत्तर न देताच.

पुढे व्यंकटीने ओढ्यातून सायलेन्सर शोधून आणला आणि त्याच्या भोकावर मदतीत आलेल्या दूधपावडरचा पत्र्याचा डबा कापून तारेने आवळला. डब्यावर कुठल्याशा परदेशी भाषेत काहीबाही छापलेलं होतं. भूकंपाला आलेली परदेशी मदत नऊ वर्षं टिकली, ती फक्त या सायलेन्सरवर.

या नऊ वर्षांत लातूरला दुसरा भूकंप झाला, शिकवण्यांचा. पहिल्यात घरं खाली आली, दुसऱ्यात भाडी वर गेली. जिथे म्हशी बांधत तिथे केमिस्ट्री आली, आणि अख्ख्या मराठवाड्यातली पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहिली. पोरं आली, पण त्यांची भूक गावाकडेच राहिली. लातूरच्या खाणावळीतली पोळी पोरांच्या घशाखाली उतरेना. म्हणून घरोघरच्या आया पहाटे भाकरी थापत आणि डबा एसटीने पाठवत. ज्या गावांना एसटी जात नव्हती, त्यांना व्यंकटीची जीप होती. खडकउमरीतून तो रोज चौतीस डबे उचलायचा आणि दहाच्या आत लातूरच्या एका गल्लीत, रेणुकादास सरांच्या क्लासच्या जिन्यापाशी उतरवायचा. त्यातला एक डबा कोंडाबाईच्या नातीचा, महादेवीचा. त्या डब्यावर कोंडाबाईच्या घराची आशा टिकून होती, आणि चौतीस डब्यांच्या भाड्यावर व्यंकटीचं घर.

आता खडकउमरी हे जुनं खडकउमरी राहिलेलं नव्हतं. पुनर्वसनात सरकारने गाव असं ऐसपैस वसवलं होतं की शेजारणीकडे विरजण मागायला गेलेली बाई परत येईतो दूध नासावं. जुन्या गावात एक हाक मारली की सगळं गाव दारात यायचं. नव्या गावात हाक दुसऱ्या घरापर्यंतही पोचत नसे. घड्याळ लावून काम चालावं तर जीपची वेळ ओढ्याच्या हातात. एखाद्या दिवशी साडेसहा, एखाद्या दिवशी आठ. म्हणून बायांनी आपलं वेळापत्रक सायलेन्सरवर बसवलं होतं. जीप टेकाडावर आली की शेवटची भाकरी तव्यावर. ओढ्यात उतरली की ठेचा डब्यात. चढाला लागली की फडक्याची गाठ. व्यंकटी मारुतीपाशी पोचेपर्यंत चौतीस डबे पारावर, गरमागरम. तिसरी घंटा झाली की पडदा वर जायचाच.

विघ्न आलं ते लातुरात. एका सकाळी डबे उतरवल्यावर जीप बंद पडली, आणि व्यंकटीने ती चालू करायला जरा जास्तच अॅक्सिलरेटर दाबला. गल्ली घुमली. वर पत्र्याखाली सरांचा तास रंगात होता. बाक थरथरले, खिडकीची तावदानं वाजली. दीडशे पोरं बसलेली, बरीचशी आमच्याच भागातली. त्र्याण्णव साली ती आठ-आठ वर्षांची होती. अशा पोरांचे पाय डोक्याला विचारत नाहीत. कुणीतरी "भूकंप!" म्हणालं आणि अख्खा क्लास जिन्यावर आला. सुदैवाने कुणाला लागलं नाही, फक्त चपलांचा ढीग झाला. रेणुकादास सर ध्वनीवर शिकवत होते. ध्वनीपेक्षाही वेगाने ते सर्वांच्या आधी खाली पोचले होते.

सर माणूस वाईट नव्हता. घाबरलेला माणूस जरा मोठ्याने बोलतो, इतकंच.

"व्यंकटराव," ते घाम पुसत म्हणाले, "सोमवारपर्यंत या गाडीचा आवाज बंद झाला पाहिजे. नाहीतर गल्लीत येऊ नका. डब्यांसाठी मी टेम्पो लावतो."

"सर, टेम्पो ओढ्यात उतरत न्हाई."

"मग ओढ्याला सांगा!"

मागच्याच महिन्यात निकाल लागला तेव्हा याच गल्लीत सरांनी बँड, ताशे आणि चार तास फटाके वाजवून घेतले होते. पण तो यशाचा आवाज. त्याने तावदानं वाजत नाहीत.

व्यंकटीने जीप रेवणप्पाकडे नेली. रेवणप्पा सायलेन्सरवाला. त्याच्या दुकानात मोडक्या पाइपांचे डोंगर होते आणि मधोमध त्याची स्वतःची खुर्ची, तीही वेल्डिंग केलेली. जीपखाली शिरून तो बराच वेळ बाहेर आला नाही.

"अप्पा, काय दिसतंय?"

"म्युझियम." खालून आवाज आला. "हे दूध कुठलं रे?"

"इतिहासातलं हाय. जपून काढा."

"गॅस्केट गेलं. पाइप तीन ठिकाणी कुजला. सायलेन्सरच्या पोटात काहीच न्हाई, निस्ता डमरू. लेका, तू गाडी चालवायलास का गोंधळ घालायलास?"

"बदलून टाका समदं. लई भारी बसवा. सरांनी म्हणलं पाहिजे की जीप आली का गेली."

हे 'लई भारी' त्याला नडलं. आपल्याकडे कुणी कारागिराला भारी काम सांगितलं की तो स्वतःच्या इभ्रतीचं करतो. रेवणप्पाने नांदेडच्या भंगारबाजारातून मोठ्या गाडीचा दुहेरी सायलेन्सर मागवला. नवा पाइप चाकांच्या आसापेक्षा उंच उचलून वळवला, म्हणजे ओढ्यातला दगड लागू नये. सांध्यांना नवी गॅस्केटं, लोंबता भाग रबराच्या कड्यांत टांगलेला. दोन दिवसांनी जीप चालू केली तेव्हा व्यंकटीला ती चालू झाल्याचं कळलंच नाही. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर कर्रकन किंचाळला. नव्या सायलेन्सरच्या राज्यात जीपने काढलेला तो एकुलता एक शब्द. व्यंकटीने कानातला कापूस काढला आणि कित्येक वर्षांनी त्याला कोपऱ्यावरचा रेडिओ ऐकू आला.

"आता सांग," रेवणप्पा छाती काढून म्हणाला, "हाय का आवाज?"

"अप्पा, ही तर विधवेसारखी गप बसली."

"माझी बाई विधवा हाय आन् दिसभर बोलते. नीट उपमा दे."

(रेवणप्पाची ही 'बाई' म्हणजे त्याची बहीण. दुकानाचा हिशेब आणि रेवणप्पाचं तोंड, दोन्ही तिच्या ताब्यात.)

सोमवारी पहाटे व्यंकटी ऐटीत खडकउमरीला गेला. टेकाड, ओढा, चढ. मारुतीपाशी जीप थांबली. पार रिकामा. एक कुत्रं झोपलेलं होतं, तेही उठलं नाही. व्यंकटीने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. कुणी येईना. अर्ध्या तासाने कोंडाबाई पाण्याला निघालेली दिसली.

"मावशी, डबा?"

ती दचकली. "आरं! तू कधी आलास? जीप कुठं हाय?"

"ही काय, तुमच्यापुढं हाय."

"मग वरडली का न्हाई?"

"हॉर्न मारला की दहा वेळा!"

"हॉर्न तर भंगारवाला बी मारतो, बर्फवाला बी मारतो. कोन बघतंय?"

त्या दिवशी धावाधाव करून नऊ डबे जमले. पंचवीस पोरं उपाशी राहिली. सरांच्या क्लासात मात्र अपूर्व शांतता होती. भुकेली पोरं गोंगाट करत नाहीत. मंगळवारी बारा डबे आले, त्यांतले चार शिळ्या भाकरीचे. बुधवारी दोन घरांनी सांगितलं, खाणावळ लावतो, आता भरवसा न्हाई. सरांनी उपाय सुचवला: प्रत्येक घरी गजराचं घड्याळ घ्यावं. ओढ्याला गजर कसा लावायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

व्यंकटी पारावर बसला. आवाज केला तर गल्ली बंद, नाही केला तर गाव बंद. तेरा वर्षांत जीपने त्याला इतकं गप्प कधी केलं नव्हतं. कोंडाबाई शेजारी येऊन बसली.

"नवं नळकांडं काढून टाक."

"मग सर येऊ देत न्हाईत. तुमच्या महादेवीला रोज चालत नेऊन देऊ का डबा?"

कोंडाबाईने जरा विचार केला. "माझ्या चुलीवर धुराडं हाय. धूर कोंडला की झाकण उघडते, वारं आलं की लावते. कुनी चूल फोडून टाकते का रे त्यासाठी? तुझ्या त्या अप्पाला सांग, झाकण बसव म्हणावं."

व्यंकटी तसाच उठला. रेवणप्पाने ऐकून घेतलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. इतकी वर्षं धंद्यात घालवून आपल्याला न सुचलेली गोष्ट चुलीपुढच्या बाईला सुचावी, हे त्याला गिळायला वेळ लागला. पण गिळलं. सायलेन्सरच्या आधी त्याने पाइपला खिडकी कापली. तिला लोखंडी झाकण, झाकणाला स्प्रिंग, आणि स्प्रिंगला सायकलच्या ब्रेकची तार, थेट व्यंकटीच्या मांडीपाशी. तार ओढली की उघडा गळा, सोडली की मौनव्रत. काम झाल्यावर दूधपावडरचा तो पत्रा त्याने पुसून परत दिला. व्यंकटीने तो सीटखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे व्यंकटीने टेकाडावर जीप आणली, कानात कापूस घातला आणि तार ओढली. खाली खडकउमरी पसरलेलं होतं, एकेक घर एकमेकांवर रुसल्यासारखं दूर दूर. जीप डरकाळली. थोड्या वेळाने एका धुराड्यातला धूर दाट झाला, मग दुसऱ्यातला, मग पलीकडच्या तीन घरांतला. ओढ्यात उतरेपर्यंत सगळं गाव धुरकटलं होतं.

पारावर बत्तीस डबे होते. खाणावळ लावलेली दोन घरं नव्हती, तीही आठवड्याने परत आली. कोंडाबाई डबा हातात धरून, मान किंचित वाकडी करून उभी होती.

"आवाज जरा बसलाय रे हिचा."

"नवा पाइप हाय, मावशी."

कोंडाबाईने अजून थोडं ऐकलं. मग डबा जीपमध्ये ठेवला आणि फडक्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

"असू दे," ती म्हणाली. "वळखू येतो."