वडगावात थांबलेला माग

सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांनी बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. पुण्यातलं मोठं रुग्णालय, मोठे डॉक्टर, मागे शिकाऊ डॉक्टरांची वरात. "व्हेंट्रिक्युलर अ‍ॅन्युरिझम. व्हेरी रेअर." शिकाऊंचे चेहरे उजळले. दुर्मीळ वस्तू पाहिल्याचा तो आनंद मी संग्रहालयात पाहिला होता. माझ्या बायकोच्या पोटाकडे बघून कुणाला तो होईल, असं वाटलं नव्हतं.

अर्थ नंतर कळला, जिन्यात गाठलेल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंकडून. हृदयाच्या खालच्या कप्प्याची भिंत एका जागी पातळ राहते. रक्ताचा दाब आला की ती जागा फुग्यासारखी बाहेर येते. जन्माआधी उपाय नाही. आणि जन्मानंतर?

"बघू," त्या म्हणाल्या. त्या दिवशी ऐकलेला तेवढाच एक प्रामाणिक शब्द.

मी निपाणीला कॉलेजात शिकवत होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुमनला बेळगावात वडगावला पोचवलं. तिचे वडील, आप्पा, विणकर, यंत्रमाग घरातच. निदान ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, रफू न्हाय व्हय करता येत?"

दुसऱ्या दिवशी माग बंद. हादऱ्यानं पातळ भिंत फाटेल, असा निकाल गल्लीनं दिला होता. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागाचा काही संबंध नाही. पण गल्लीपुढे डॉक्टर कोण?

माग चालला की बाळ हलायचं, असं सुमन म्हणायची. आता घर गप्प, आणि ती दिवसभर पोटावर हात ठेवून वाट बघत बसायची. ज्यांच्या वाट्याला हे येईल त्यांना सांगतो : वाईट बातमीपेक्षा तिच्याभोवती माणसं जी शांतता पाळतात, ती जास्त छळते.

एका सकाळी सुमनचा बांध फुटलाच. "आप्पा, घर आत्तापासनंच सुतकात बसवलासा व्हय? लावा की माग."

"पोरी, त्या जिवाला सोसंल?"

"त्याला त्याचीच सवय हाय."

आप्पांनी बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला. थोड्या वेळानं ती त्या आवाजातही ऐकू येईल अशी ओरडली, "हाललं!" आप्पा चष्मा पुसत राहिले. आमच्या वाट्याचा आनंद एवढाच.

मुलगी झाली. रडलीसुद्धा. पण हृदयाला रक्त पुढे ढकलणं जमेना. संध्याकाळपर्यंत होती.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला : केस परिषदेत मांडायची आहे, कागद पाठवा. शोकाचं एक वाक्य त्यात नव्हतं. तरी पाठवले. पुढच्या कुणाला 'बघू'च्या पलीकडचा शब्द मिळाला तर मिळो. त्या जिन्यातल्या बाईंचे मात्र मी अजून मनातल्या मनात आभार मानतो.

सुतक फिटलं. आप्पा बटणापाशी उभे राहिले, हात पुढे जाईना. सुमन उठली, तिनंच माग लावला. घर पुन्हा हादरू लागलं.

तिचा हात सवयीनं पोटावर गेला, आणि तिथंच राहिला.