पाण्याची गाठ आणि सुनंदाताईंची आखणी

फिजिओथेरपिस्टकडे लोक कंबर घेऊन येतात आणि किस्से ठेवून जातात. आठवड्यातले चार दिवस पेणला, दोन दिवस रोह्याला बसून माझ्याकडे ढीग साठलाय. आजचे सगळे मणक्यात, नसेच्या मुळाशी होणाऱ्या पाण्याच्या गाठीचे.

*

रोह्याच्या एका कंपनीत कंट्रोल रूमला बसणारा एकजण एमआरआयची पिशवी छातीशी धरून आला. "मॅडम, गाठ निघाली. बायकोला सांगितलं नाय अजून."

मी तपासलं. मागच्या खिशात हे जाडजूड पाकीट, आणि हा शिफ्टभर त्यावरच बसायचा! अशा गाठी कित्येकांना असतात, त्रास थोड्यांनाच होतो. पाकीट पुढच्या खिशात गेलं, दुखणं थांबलं. गाठ आहे तिथेच आहे.

*

सुनंदाताईंची मात्र खरंच दुखायची. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात त्या आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. सगळं काम मांडी घालून. पाच मिनिटं बसलं की माकडहाडापासून पायापर्यंत आग. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, मधे भोक असलेली उशी झाली.

शेवटी मी म्हटलं, "ताई, यंदा आखणी दुसऱ्या कुणाला द्या."

"देते की. मग मी काय करू ते सांगा."

मी मुंबईच्या सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहायला घेतली.

*

मुंबईच्या सर्जननी ऑपरेशन शेवटच्या उपायाला ठेवलं. आधी सुईने गाठीतलं पाणी काढू म्हणाले. ताईंचे यजमान धरमतरकडच्या मिठागरात राबलेले. त्यांनी विचारलं, "पानी काढाल, पन भरती आली का परत भरंल. बांध नाय घालनार?"

सर्जन म्हणाले, "घालणार. गोंदासारखं औषध सोडून तोंड बंद करायचं."

"मंग बरोबर हाय," म्हणून यजमानांनी सही केली.

*

सुईनंतर आग निम्मी झाली, चालणं सुधारलं. बसणं मात्र दहा मिनिटांपलीकडे जाईना. ताईंनी मूर्ती टेबलावर ठेवून उभ्यानेच आखणी सुरू केली.

मी बघायला गेले, तेव्हा कारखान्याचे म्हातारे मालक तयार मूर्तींच्या रांगेसमोर उभे होते. ताईंनी वरून डोळे काढल्यामुळे सगळ्या गणपतींची नजर वर गेली होती. मांडी घालून पूजेला बसणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल अशी. ताईंचा चेहरा उतरला.

"पुसून परत काढते," त्या म्हणाल्या.

मालकांनी एकेक मूर्ती नीट बघितली.

"नको गो. यंदा लोक उभ्यानं पाया पडतील."