पटाच्या लाइव्हचा तिसरा कॅमेरा

हिवराजभाऊला "अजून पुढे जा" असं मीच सांगितलं होतं.

आज वर्ष झालं. हे वाक्य मी कोणापुढे बोललो नव्हतो. सकाळी त्याच्या बायकोपुढे, वैनीपुढे बोललो, आता इथे लिहितो आहे. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तिरोड्याकडे धान निघालं की शंकरपट भरतात. बैलांच्या दोन जोड्या शेजारीशेजारी सुटतात आणि सगळी पंचक्रोशी कामधंदा सोडून बघायला उभी राहते.

मी आणि माझा शेजारी हिवराजभाऊ, आम्ही दोघं हे पट मोबाइलवरून लाइव्ह दाखवायचो.

आधी एकच मोबाइल, बांबूला बांधलेला. लोक कमेंट करायचे, "बैल दाखवा ना, धूळ कायले दाखवता?"

मग भाऊच्या डोक्यात अँगल शिरला.

एक कॅमेरा जोड्या सुटतात तिथे. दुसरा मचाणावर. आणि तिसरा शेवटाला, अगदी तोंडासमोर, जोडी सरळ अंगावर येताना दिसेल असा. हा तिसरा तो स्वतः धरायचा. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तयार नाही.

"पम्या, बाजूनं बैल कोनीबी दाखवते. समोरून दाखवाले कलेजा लागते गा."

मी मंडपात लॅपटॉपवर बसायचो. तिन्ही चित्रं समोर, हवं ते लाइव्हला लावायचं आणि इअरफोनवरून भाऊशी बोलत राहायचं.

खरं सांगतो, त्या तिसऱ्या कॅमेऱ्याची मला पहिल्यापासून धास्ती वाटायची. पण लोकांना तोच आवडायचा. म्हणून गप्प बसलो.

त्या दिवशी दोन्ही जोड्या एका फ्रेममध्ये याव्यात म्हणून भाऊनं लेन्स वाइड केली होती. वाइडमध्ये जवळचं लांब दिसतं. हे आम्हाला माहीत होतं, दुसऱ्यांना आम्हीच शिकवायचो. पण स्क्रीनमध्ये डोकं घातलं की स्क्रीनच खरी वाटते.

मी म्हटलं, "भाऊ, अजून पुढे जा. लय लांब दिसून रायले."

"अजून पुढे? बरं."

आणि तो दोन पावलं पुढे गेला.

जोड्या सुटल्या. स्क्रीनवर लहान. लहानच.

आणि एकदम मोठ्या.

मी ओरडलो, "भाऊ, बाजूले हो!"

मोबाइलचं चित्र माझ्या लॅपटॉपवर दोन सेकंद उशिरा यायचं. मी ओरडलो तेव्हा माझ्या स्क्रीनवर कॅमेरा स्थिर होता, म्हणजे भाऊ उभा होता. पण पटाच्या टोकाकडून माणसांच्या किंकाळ्या आधीच येत होत्या. कानांना कळलं होतं, डोळ्यांना अजून कळायचं होतं.

ते दोन सेकंद मला अजून येतात. जेवताना, गाडी चालवताना, भर बाजारात.

मी लॅपटॉप खाडकन मिटला. गोंदियाला दवाखान्यात नेईपर्यंत भाऊ गेला होता.

सगळे म्हणाले, बैल बावरले, कोणाचा दोष नाही. मी मान हलवली. व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकला. लॅपटॉपमधली रेकॉर्डिंग पुसवली नाही, आणि उघडायची हिंमतही झाली नाही.

त्यानंतर मी वैनीला टाळायला लागलो. दोन घरांच्या मधे एक अंगण आहे फक्त. ती समोर दिसली की मी मागच्या दारानं पसार. तिनं नुसती हाक मारली तरी मनात एकच यायचं, हिला कळलं तर?

परवा तिची मुलगी आली. "काका, आईनं त्या दिवसाची रेकॉर्डिंग मागितली. बाबाचा आवाज आयकाचा हाये."

मेलो, असं वाटलं. त्यात भाऊचं "अजून पुढे? बरं" असणार. पुढे जा कोण म्हणालं, हे न कळायला वैनी दुधखुळी नाही. फाइल खराब झाली म्हणून सांगावं, असंही मनात आलं. आलं ते आलं, लपवत नाही.

आज सकाळी गेलो. भाऊच्या फोटोला हार होता. वैनी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"वैनी, भाऊले पुढे जाय म्हनून मीच सांगलो होतो."

तिचा हात थांबला नाही.

"मालूम हाये."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. परत सांगितलं.

"मालूम हाये म्हनून रायली ना! मी घरी मोबाइलवर पाहूनच रायली होती. तू त्याचा कॅमेरा लावला, तवा त्याचा आवाजबी आला. 'अजून पुढे? बरं.' त्याच्या कानात तुह्याशिवाय कोन बोलते?"

कॅमेरा लावला की त्याचा माइकही लाइव्ह जातो. ती जोडणी माझीच. भीतीपायी मी रेकॉर्डिंगचाच विचार केला, घरी लाइव्ह बघणारी वैनी कधी आठवलीच नाही.

"मंग कोनाले बोलली काऊन नाई?"

"तू सोता येऊन सांगशीन म्हनून." आता मात्र तिनं सूप खाली ठेवलं. "राग हाये मले. आजबी हाये. पन तो गेला आन तूबी तोंड लपवला. त्याच्या गोष्टी मी कोनासंग करू?"

मी रडलो. तीही रडली.

मग मुलगीही येऊन बसली आणि आम्ही तिघांनी रेकॉर्डिंग लावली. सुरुवातीला भाऊ लोकांना दटावतो आहे, "अरे मागं सरका गा! बैल काय तुमचे सोयरे हायेत काय?" मुलगी खुदकन हसली. वर्षभरात तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

जोड्या सुटायच्या आधी वैनीनं हात पुढे करून व्हिडिओ थांबवला.

"उद्या ये," म्हणाली. "पोरीले बापाच्या गोष्टी सांगाले."

मला अजूनही भीती वाटते. पण जाणार आहे.

हिवराजभाऊ, चुकलो रे. तुला माझी श्रद्धांजली.