बर्फ्याचे केस

"आधी पंखा बंद करा!" मी ओरडले, पण उशीर झाला होता. टेबलावर उभ्या असलेल्या हस्कीच्या पाठीवरून मी हात फिरवला आणि पांढऱ्या लोकरीचे पुंजके क्लिनिकभर उडाले. काही माझ्या चहात पडले, काही बाकावर मांजर घेऊन बसलेल्या आजोबांच्या टोपीवर.

हस्कीचं नाव बर्फ्या. मालक अन्वरभाई, अर्धापूरचे केळीचे व्यापारी. नांदेडला माझ्याकडे महिनाभरातली ही त्यांची चौथी फेरी होती. पहिल्या खेपेला फक्त शेपटीच्या बुडाशी केस गेले होते. आता मांड्या, पोट, मानेखालचा भाग, जिथे बघावं तिथे लालसर कातडी दिसत होती.

थंड मुलखातल्या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला लोकरीसारखा मऊ. आतली लोकर ऋतू बदलला की झडते. घरात पोतंभर केस निघतात आणि मालक घाबरून फोन करतात. ते नॉर्मल असतं. पण नुसतं झडल्यानं टक्कल पडत नाही. टक्कल पडलं म्हणजे काहीतरी बिघडलं आहे.

काय बिघडलंय तेच मला सापडत नव्हतं. कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली होती, खरजेचे किडे नव्हते. थायरॉइडची टेस्ट नॉर्मल. कातडीवर जंतू होते, त्यासाठी अँटिबायोटिक दिलं, औषधी शाम्पू दिला. आठ दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"आज अंघोळ घातली का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. तुम्ही सांगितलं तसं आठवड्यात दोनदाच घालतो. आज न्हाई."

मी मांडीवरचे केस बाजूला केले. वरून कोरडे, पण मुळाशी चक्क ओल होती. "मग हे ओलं कसं?"

"अल्ला कसम, आज पाण्याचा थेंब लागला न्हाई त्याला."

माझं डोकं फिरलं. या धंद्यात मी शपथा खूप ऐकल्या आहेत. 'गोड बिलकुल देत नाही' म्हणणाऱ्याच्या खिशातून टेबलावरच बिस्किटाचा पुडा पडलेला पाहिलाय. अन्वरभाई रोज कुत्र्याला हौदात डुंबवत असणार आणि मला टोपी घालत असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

सुमनताई माझ्याकडची जनावरं धरतात, त्यांना विंचरतात, पुसतात. त्या बर्फ्याच्या मानेशी नाक नेऊन म्हणाल्या, "मॅडम, ह्याला केळ्याचा वास येऊन राहिलाय."

"अर्धापूरहून आलाय तो. मग काय मोगऱ्याचा येणार?" मी म्हणाले. आजोबाही हसले. त्या विनोदाची मला अजून लाज वाटते.

अन्वरभाई मात्र हसले नाहीत. त्यांचा पाय सारखा हलत होता. "मॅडम, बारा दिवस राहिले. तवर केस येतील का?"

हे बारा दिवस कसले, ते मला पहिल्या भेटीतच कळलं होतं. बर्फ्या त्यांच्या मुलीचा, सनाचा. सना लातूरला होस्टेलवर राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. हा तिचा दुसरा प्रयत्न, आणि परीक्षा आता बारा दिवसांवर आली होती. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली होती. निघताना तिनं बापाला एकच गोष्ट बजावली होती, "अब्बू, याला उन्हात ठेवू नका." दर रविवारी ती व्हिडिओ कॉलवर कुत्रा बघायची. केस जायला लागल्यापासून अन्वरभाई काहीतरी कारण सांगून कॉल टाळत होते. लेकीनं कुत्र्याला या अवस्थेत बघितलं तर तिचं वर्ष जाईल, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

"बारा दिवसांत केस येत नाहीत, अन्वरभाई. महिने लागतात."

"मग सगळेच काढून टाका ना. एकसारखं दिसल. उन्हाळ्यामुळं कापले म्हणून सांगतो तिला."

"नाही." मी जरा जोरातच म्हणाले. ती लोकर कुत्र्याला थंडीत जशी लागते, तशी उन्हातही लागते. भादरलं तर कातडी भाजते, आणि कधीकधी केस पूर्वीसारखे परत येतच नाहीत. हे सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि पटणं यात फरक असतो.

दोन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन. "मॅडम, उद्या सकाळी मेंढरं कातरणारा येऊन राहिलाय. त्याला सांगून टाकलं. तुम्हाला विचारल्याबिगर नको म्हणून फोन केला."

म्हणजे मेंढीची कात्री, आणि खाली जंतूंनी पोखरलेली कातडी! मी सुमनताईंना क्लिनिक बघायला सांगितलं आणि गाडी काढली. स्वभावानंच मी उतावळी आहे. अर्धापूरपर्यंत प्रत्येक ट्रकला हॉर्न मारत गेले. राग अन्वरभाईंचा होता, पण खरं सांगायचं तर जास्त स्वतःचाच होता. महिना झाला, चार फेऱ्या झाल्या आणि मला अजून कारण माहीत नव्हतं.

घरी बर्फ्या नव्हता.

"कुठंय?"

"तो... फिरायला गेला."

"एप्रिलमधे? दुपारी दोनला? हस्की?"

अन्वरभाई रुमालानं मान पुसायला लागले. मी अंगणात आले. एका बाजूला त्यांचं केळी पिकवायचं गोडाऊन होतं. त्याला ते चेंबर म्हणतात. जाड भिंतींची बंद खोली, आत क्रेट रचलेले. थंडावा ठेवायचा, गॅस सोडायचा आणि केळी सुकू नयेत म्हणून हवेत भरपूर ओल ठेवायची. दारासमोर स्टीलचं पाण्याचं भांडं होतं. आणि दाराच्या काळ्या रबराच्या पट्टीत पांढरे केस अडकले होते. एकदोन नाही, चांगली झालरच.

"दार उघडा," मी म्हणाले.

आत अंधार होता. क्रेटच्या दोन रांगांच्या मधे, ओल्या फरशीवर, बर्फ्या ऐसपैस पसरला होता. मला बघून त्यानं शेपटी आपटली. हवेत इतकी ओल होती की भिंतींना पाणी सुटलं होतं. केळ्याचा तोच वास, जो सुमनताईंना आला होता.

"कधीपासून?"

"मार्च लागल्यापासून. सकाळी नऊ ते सांज. गॅस सोडायच्या दिवशी बाहेर काढतो, मॅडम, तेवढी अक्कल हाय मला." त्यांचा आवाज खाली आला. "बाहेरच्या व्यापाऱ्यांचा माल हाय हितं. चेंबरात कुत्रं ठेवतो म्हणून कळलं तर कोण देईल माल? म्हणून बोललो न्हाई. पोरगी म्हणली, उन्हात ठेवू नका. माझ्याकडं ह्याच्याहून थंड जागा न्हाई."

मला एकदम सगळं दिसलं. दोन महिने रोज आठ-नऊ तास ओलीत. आतल्या लोकरीनं ओल धरून ठेवली, कातडी कुजायला लागली, जंतू माजले, केस गळाले. माझ्याकडे येताना गाडीच्या एसीत वरचे केस वाळायचे, मुळं ओलीच राहायची. त्यात मी शहाणी, आठवड्यातून दोनदा शाम्पू सांगत होते. ओल्यात आणखी ओलं! माणूस खोटं बोलतोय हे मी बरोबर ओळखलं होतं. फक्त कशाबद्दल, ते चुकलं. अंघोळीची त्याची शपथ शंभर टक्के खरी होती.

"उद्या मेंढीवाल्याला नको म्हणून सांगा," मी म्हणाले. "हा परत आत जाणार नाही. तुमच्या एसीच्या खोलीत ठेवा, कोरड्या फरशीवर. शाम्पू आठवड्यातून एकदाच, आणि नंतर हेअर ड्रायरनं, थंड हवेवर, मुळापर्यंत वाळवायचं. रोज कंगवा. आणि केळ्यात केस जातात, अन्वरभाई. लोक खातात ती."

"हाव," ते म्हणाले. त्यांनी बर्फ्याला बाहेर घेतलं.

"आणि सनाला सांगा."

"परीक्षेनंतर. हात जोडतो, मॅडम."

परीक्षेच्या चार दिवस आधी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी सना बोलतेय, अर्धापूरची. अम्मीकडून तुमचा नंबर घेतला. बर्फ्याला काय झालंय? खरं सांगा."

मी उठून येरझाऱ्या घालायला लागले. बापानं हात जोडले होते. इकडे मुलीचा श्वास फोनमधे ऐकू येत होता. काय म्हणू? सगळं ठीक आहे? मग मनात आलं, या प्रकरणात एक महिना खोट्यानंच खाल्लाय.

"त्याचे केस गेलेत," मी म्हणाले. "बरेच. कातडीचा आजार होता, कारण सापडलंय, तो आता सुधारतोय. खातो, पितो, तुझ्या अम्मींच्या ओढणीवर झोपतो. दिवाळीपर्यंत केस येतील."

ती रडायलाच लागली. मला वाटलं, संपलं, मी या पोरीचं वर्ष घालवलं.

"फक्त केस?" ती म्हणाली. "मॅडम, अब्बू रोज व्हिडिओ पाठवतात. त्यात त्याच्या गळ्यात लाल पट्टा असतो. तो पट्टा मी असतानाच तुटला होता. जुने व्हिडिओ आहेत ते. तीन आठवडे मला वाटतंय, बर्फ्या मेला आणि हे लोक परीक्षेसाठी लपवून राहिलेत. मला झोपच नाही."

मी टेबलाशी खुर्ची ओढली आणि बसले. "व्हिडिओ कॉल लाव. अब्बूंना. आत्ता. मी त्यांना कळवते."

अन्वरभाई माझ्यावर आठवडाभर रुसले. नंतर कळलं, त्या दिवशी टकलू कुत्रा बघून सना इतकी हसली की होस्टेलवाल्या बाईंनी येऊन दटावलं. मग जेवली, झोपली आणि पुस्तक उघडलं. या वेळी तिला मार्क पुरले. बर्फ्याची लोकर दिवाळीपर्यंत नाही, संक्रांतीपर्यंत आली. शेपटीच्या बुडाशी अजून थोडी विरळ आहे.

माझ्या केसपेपरवर आता एक ओळ वाढलीये: 'कुत्रं दिवसभर कुठे असतं?' हा प्रश्न मी घरातल्या दोघांना वेगवेगळा विचारते. आणि सुमनताईंना कसला वास आला, तर आधी विनोद करत नाही.