कुंकवाची साक्ष

आमच्या घरी खंडेनवमीला विळी, कातरी, शिलाई मशीन, नवऱ्याचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. सिंगापूरला आलो म्हणून त्यात फरक पडायचं काही कारण नव्हतं. त्या वर्षी नोकरीच्या जागी माझ्या हाताखाली जे यंत्र होतं, त्यालाही मी सकाळी कुंकवाचं बोट लावलं आणि वर शेवंतीचं एक फूल ठेवलं. मोठे स्टिकर छापून ते कडेकडेने कापणारं यंत्र होतं ते, आमच्या सोफ्याएवढं लांब. आत खरोखरचं पातं होतं. पूजेवर त्याचा हक्क लॅपटॉपपेक्षा जास्तच.

ही नोकरी मला जिवापाड प्यारी होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आलो, आणि इथे राहण्याच्या माझ्या सरकारी पासावर माझी ओळख म्हणजे एकच शब्द, ‘डिपेंडंट’. पुण्यात मी बारा जणांना डिझाइनची कामं वाटून द्यायचे. इथे बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये बसून तो शब्द आठवला की अंगाचा तिळपापड व्हायचा. कितीतरी ठिकाणी नकार घेतल्यावर एका औद्योगिक इमारतीतल्या छोट्या छापखान्याने मला घेतलं. मालकीण साठीची चिनी बाई, सगळे तिला मॅडम म्हणायचे. बोलायला फटकळ, पण माझ्या डिझाइनला कधी नाव ठेवलं नाही. दारापाशी तिचा देव्हारा होता, लाल दिव्याचा, समोर नेहमी ताजी संत्री.

पूजेनंतर थोड्याच दिवसांत दिवाळीचं मोठं काम आलं. लिटिल इंडियातल्या एका साडीच्या दुकानाच्या काचांसाठी मोर हवे होते, लहानमोठे, मोराच्या आकारातच कापलेले. मोर मी काढले होते आणि सुंदर काढले होते. छापलेही सुंदर गेले. पण कापायला घेतल्यावर पातं रेघ सोडून पळायला लागलं. एका बाजूला पिसाऱ्याला पांढरी किनार उरायची आणि दुसऱ्या बाजूला चोच उडायची. बिनचोचीचे मोर कोण काचेवर लावणार?

मॅडमने एक मोर हातात धरला, यंत्रावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. “यू पुट रेड पावडर. पावडर गो इनसाइड, मशीन ब्लाइंड आल्रेडी लाह!”

या यंत्राला एक छोटा डोळा असतो. कागदाच्या कोपऱ्यांवर छापलेल्या काळ्या खुणा तो बघतो आणि त्यावरून कुठे कापायचं ते यंत्र ठरवतं. त्या डोळ्यात माझं कुंकू गेलं, असं तिचं म्हणणं. शनिवारी संध्याकाळपर्यंत मोर नीट कापले गेले नाहीत तर काम दुसऱ्या छापखान्याला जाईल, आणि मग तू सोमवारी यायची गरज नाही, असंही तिने सांगितलं. तिच्या देव्हाऱ्यातला अंगारा दिवसभर उडायचा, त्यावर कुणी ब्र काढत नव्हतं. खापर फोडायला माझं कुंकू बरं सापडलं! मी इतकी चिडले होते की जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला.

डोळा मी पुसला, पुन्हा पुसला. फरक शून्य. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “रीस्टार्ट करून बघितलंस का?” तांजोंग पगारचं त्याचं अख्खं ऑफिस या एका मंत्रावर चालतं. मी त्याला भांडी घासायला लावली.

शनिवारी मी वाया गेलेले मोर कापले होते त्याच क्रमाने टेबलावर मांडले आणि नुसती बघत बसले. पहिल्या ओळीतले मोर शाबूत होते. दुसऱ्या ओळीत कड जरा सरकलेली, पुढे आणखी, आणि शेवटच्या ओळीत चोच गायब. मी ताडकन उठले. डोळा आंधळा असता तर पहिलाच मोर वाकडा कापला गेला असता! यंत्राला दिसत होतं व्यवस्थित, कागदच पुढे जाताना तिरका होत होता.

आणि तिरका का होतो, हे कुठल्याही पोळ्या लाटणाऱ्या बाईला कळेल. लाटण्यावर एका हाताचा जोर कमी पडला की पोळी गोल फिरते. या यंत्रात कागदाला वरून दाबून धरणारे रबरी रोलर होते, दोन कडांना दोन आणि मध्ये एक. कडेचा एखादा नीट दाबत नसणार. दिसायला मात्र दोन्ही सारखेच.

मी ड्रॉवरमधून कुंकवाची डबी काढली. थेंबभर पाण्यात कुंकू कालवून दोन्ही कडांच्या रोलरना लावलं आणि पांढरा कोरा स्टिकर आत सोडला. तो बाहेर आला तेव्हा डावीकडे अखंड लाल रेघ होती. उजवीकडे तुटक तुटक ठिपके.

“मॅडम!” मी अशी ओरडले की ती धावत आली. माझी लाल बोटं बघून तिचा चेहरा उतरला. मी तो स्टिकर तिच्यापुढे धरला. तिने चष्मा चढवला, उजव्या रोलरवरून नख फिरवलं. रबर एका बाजूने झिजलं होतं.

मधला रोलर आम्हाला त्या कामात लागत नव्हता. तो काढून उजवीकडे बसवला, सगळं पुसून घेतलं आणि मोर लावले. पहिली ओळ, दुसरी, मधल्या ओळी, शेवटची. शेवटचा मोर मी स्वतः सोलून काढला. चोच जागच्या जागी, टोकापर्यंत! मला नाचावंसं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, दोन गिरक्या मी घेतल्याच.

मॅडमने त्या मोराच्या कडेवरून चोचीपासून पिसाऱ्यापर्यंत बोट फिरवलं. सॉरी म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. “मंडे कम अर्ली,” ती म्हणाली. “स्टिल गॉट मेनी पीकॉक.” त्या संध्याकाळी मी घरी जाताना एलआरटीच्या गाडीत उभी होते, बसायला जागा असूनसुद्धा.

पुढच्या खंडेनवमीला मी कामावर पोचले तर यंत्र आधीच पुसून लख्ख केलेलं होतं आणि त्यावर देव्हाऱ्यातलं एक संत्रं ठेवलेलं. मी डबी काढली, डावीकडे बोट टेकवलं. मॅडम कमरेवर हात ठेवून मागे उभी होती.

“राइट साइड आल्सो,” ती म्हणाली.